आत्याची साखरबंदी

बुद्धपौर्णिमेला पिंपळवंडीच्या आमच्या विहारात वंदना झाली की खीर वाटतात. त्या वर्षी खिरीचा द्रोण हातात आल्याबरोबर आत्यानं तो शेजारच्या बाईकडे सरकवला.

"मला नको. माझी साखर बंद हाय."

मी तिच्या मागेच बसले होते. आत्याला डायबेटीस नव्हता. तिला मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता. तो लिव्हरपर्यंत पोचल्याचं थंडीत कळलं होतं आणि पुण्याच्या एका हॉस्पिटलात तिचे उपचार सुरू झाले होते. सैल पडलेल्या ब्लाउजच्या बाहीतून तिचा दंड दिसला आणि मी घाबरले. दोन महिन्यांपूर्वी ती बाही तिला घट्ट बसायची.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी आली, थोड्या शेळ्या घेतल्या आणि बेल्ह्याच्या बाजारात उभी राहिली. तिथले व्यापारी रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून सौदा करायचे. बाईच्या हाताला हात कसा लावायचा म्हणून ते अडखळायचे. आत्या मोठ्यानं भाव सांगायची, "बोटं कशाला पायजेत? तोंडानं बोला की राव!" मी कॉलेजला पुण्याला गेले तेव्हा तिनंच मला टेम्पोत बसवून होस्टेलवर सोडलं होतं. मागे शेळ्या, पुढे आम्ही दोघी.

आता मी पुण्याच्याच एका प्रयोगशाळेत काम करते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी, ज्या शरीरात शिरलेल्या रोगाशी लढतात, त्या काय खाऊन जगतात आणि उपाशी राहिल्या तर त्यांचं काय होतं, हा आमचा विषय. आत्याच्या आजाराचं नाव कळलं त्या दिवशी मला माझ्या शिक्षणाचा काहीच उपयोग वाटला नव्हता. पुढे तिच्या गाठीचा एक खास प्रकार निघाला. अशा गाठीवर एक नवं औषध चांगलं चालतं, असं डॉक्टर म्हणाले. ते गाठीला थेट मारत नाही. गाठ ज्या लढणाऱ्या पेशींना थोपवून धरते, त्यांना ते मोकळं करतं. पुढचं काम पेशी करतात. सलाईनमधून हे औषध दोनदा देऊन झालं होतं.

विहारातून घरी येताना मी तिला विचारलं, "साखर बंद करायला कोणी सांगितलं?"

"कुनी कशाला सांगाया पायजे? त्या मोठ्या मशिनीत घालायच्या आदी सुई दिली ना मला. तिथला मानूस म्हनला, साखरंसारखं औषध हाय, गाठ साखर लई खाती म्हनून ती फोटोत चमकती. मंग म्या इचार केला, तिला खायालाच घालायचं न्हाई. मरंल उपाशी."

"मग तू काय खातेस?"

"काकडी. पालेभाजी. पानी."

भात, भाकरी, दूध, गूळ, केळी, सगळं तिनं सोडलं होतं. भाकरीचीही पोटात साखर होते, हे तिला कुठल्यातरी व्हिडिओत कळलं होतं. तिची चूक नेमकी कुठे आहे ते सांगणं मला अवघड गेलं, कारण निम्मी गोष्ट खरीच होती. गाठीला साखर लागते. मी तिला समजावलं की जेवण सोडलं तरी रक्तातली साखर संपत नाही. लिव्हर अंगातलं मांस मोडून साखर तयार करतं आणि गाठ ती घेतेच. आत्या ऐकत राहिली आणि म्हणाली, "आसंल बाय. पर मला पटत न्हाई."

घरी आईनंही प्रयत्न केला. "अवो ताई, तथागतांनी सुदिक उपास करून पाहिला. शेवटी खीर खाऊनच उठले ना?"

"त्यांना कॅन्सर नव्हता," आत्या म्हणाली. यावर आईला हसावं की रडावं कळेना.

पुढच्या आठवड्यात औषधाचा दिवस होता. डॉक्टरांनी वजन पाहिलं, रक्ताचे रिपोर्ट पाहिले आणि फाइल मिटली. "आज नको देऊ या. मावशी, तुमच्यात ताकदच उरली नाही. जेवायला लागा, मग या."

आत्या बाहेरच्या बाकावर येऊन बसली. औषध नाकारलं जाईल असं तिला वाटलंच नव्हतं. "मी तर तिला मारायला बघत व्हते," ती हळूच म्हणाली. तिला रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

तिथून माझी प्रयोगशाळा जवळ होती. मी आमच्या मॅडमना फोन केला आणि आत्याला थोडा वेळ आणू का, असं विचारलं. त्यांनी बाहेरच्या खोलीपर्यंत परवानगी दिली. आत्याला पांढरा कोट घातला, तर तिला त्याचीच गंमत वाटली. पदर कोटाच्या आत घ्यायचा की बाहेर, यात तिचा बराच वेळ गेला.

मी आतून दोन बंद बाटल्या आणल्या, तळहातावर मावतील अशा चपट्या. दोन्हींत रक्तदात्याच्या रक्तातून काढलेल्या लढणाऱ्या पेशी होत्या आणि दोन्हींना लढायला उठवलेलं होतं. एकीतल्या पाण्यात साखर होती, दुसरीत नव्हती. ते पाणी सुरुवातीला लालसर असतं. पेशी साखर खाऊ लागल्या की आंबट होतं आणि त्याचा रंग पिवळा पडतो.

आत्यानं मायक्रोस्कोपला डोळा लावला. "काय बी दिसत न्हाई. नुसतं ठिपकं."

"थांब, जरा फिरवते. आता?"

"आता हाय. घोळकं घोळकं दिसत्यात."

"त्या जेवलेल्या पेशी. मोठ्या झाल्या, वाढल्या, एकमेकींजवळ जमल्या. आता ही दुसरी बघ."

दुसऱ्या बाटलीवर ती बराच वेळ वाकून राहिली. तिथे पेशी बारीक होत्या, विखुरलेल्या होत्या. काही तर नुसता चुरा होऊन पडल्या होत्या. तिनं मान वर केली आणि दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवून त्यांच्याकडे बघत बसली, एक पिवळी, एक लाल.

"म्हंजी पिवळ्यातल्यांनी खाल्लं."

"हो."

"आन् लालमधल्यांना काय गावलंच न्हाई."

"काहीच नाही. तुझं औषध यांनाच मोकळं करतं, आत्या. पण नुसतं मोकळं करून भागत नाही. लढायचं तर यांनाही खावं लागतं. गाठीच्या आसपासची साखर गाठच ओढून घेते, त्यात तू अशी उपाशी राहिलीस तर अंग खंगतं आणि या पण दुबळ्या पडतात."

कोट काढून तिनं त्याची घडी घातली आणि तो माझ्या हातात दिला.

परतताना मंचरला तिनं गाडी थांबवायला लावली. हॉटेलात अंडाभुर्जी मागवली, सोबत भाकरी. इतक्या दिवसांत पोटात धड काही गेलं नव्हतं, म्हणून मी म्हणाले, हळूहळू खा. तिनं निम्मीच भाकरी खाल्ली, पण चावून चावून, एखादं काम नीट उरकावं तशी. मग वेटरला हाक मारली, "भाऊ, च्या आन. गुळाचा आसंल तर गुळाचा."

हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी नंतर तिला रोजचं जेवण नीट बसवून दिलं, डाळ, अंडी, दही, भाकरी, फळं. वजन सावरलं आणि औषध पुन्हा सुरू झालं. वाट सरळ नव्हती. पावसाळा संपता संपता तिला सारखी थंडी वाजू लागली, चेहरा सुजला, बसल्याजागी झोप लागायची. मोकळ्या झालेल्या पेशींनी गळ्यातल्या थायरॉइडच्या ग्रंथीवरच हल्ला केला होता. त्याची गोळी तिला आता जन्मभर रोज सकाळी घ्यावी लागते. "मोकळं सोडल्यावर थोडं नुकसान व्हनारच," ती म्हणाली.

वर्ष सरायच्या आत स्कॅन झाला. डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. लिव्हरवर जिथे आधी गाठी चमकत होत्या तिथे आता काही चमकत नव्हतं. आतड्यातली गाठ आक्रसून एक व्रण उरला होता. "तपासण्या चालू ठेवायच्या. पण आजचं चित्र फार चांगलं आहे," ते म्हणाले. दादा, म्हणजे माझे वडील, खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. आत्यानं विचारलं, "मंग मी बाजारला जाऊ का?"

सगळ्यांचं असं होत नाही. औषध घेताना आत्याच्या शेजारच्या खुर्चीवर आंबेगाव तालुक्यातल्या एक ताई असायच्या. त्यांच्यावर हेच औषध चाललं नाही आणि त्या गेल्या. काहींच्या पेशी उठतात, काहींच्या थकलेल्याच का राहतात, हे अजून कोणालाच पुरतं कळलेलं नाही. आमच्या प्रयोगशाळेत, आणि जगभर कितीतरी ठिकाणी, याच्यावर काम चालू आहे. कमी साखरेतही तग धरतील अशा पेशी घडवता येतील का, हा माझा सध्याचा प्रश्न. मध्यंतरी एका बाटलीतलं पाणी अगदी थोड्या साखरेवर पिवळं पडायला लागलं, तेव्हा ते मी आधी मॅडमना दाखवलं आणि मग फोनवर आत्याला सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात ती मला म्हणाली, "घाटघरला जायाचंय. गाडी काढ." तिच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या घशात गाठ निघाली होती आणि त्यांनी जेवण सोडलं होतं. आम्ही गेलो तेव्हा ते ओसरीत घोंगडी पांघरून बसले होते. समोर कसल्यातरी पाल्याचा हिरवा रस होता.

"पावणं, तुमची गाठ येगळी, माजी येगळी," आत्या त्यांच्यासमोर बसत म्हणाली. "औषधं बी येगळी. त्यातलं मला कळत न्हाई, तुमचा डाक्टर सांगंल ते खरं. पर उपाशी ऱ्हाऊ नका. म्या ऱ्हायले व्हते. औषध द्यायचं थांबवलं माजं."

"साखर वाढती म्हनं खाल्ल्यावर."

"मी बी हेच म्हनत व्हते. आतल्या लढनाऱ्यांना काय मंग? त्यांनी कशावर लढायचं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली. त्यांच्या बायकोनं आतून मऊ भात आणला, वर तूप आणि वरण. घास उतरायला वेळ लागत होता. आत्या घाई न करता त्यांच्याशी गेल्या बाजारातल्या शेळ्यांविषयी बोलत राहिली. अर्धी वाटी संपली, ते थोडं थांबले, पाणी प्यायले, आणि मग उरलेला भात संपवून आणखी थोड्यासाठी वाटी त्यांनी बायकोपुढे धरली.