व्याह्यांचा लॅपटॉप आणि घरी राहिलेला चष्मा

माझ्या व्याह्यांइतका बिघाडावर जीव टाकणारा माणूस अख्ख्या मालवण तालुक्यात दुसरा झाला नाही, आणि देवाच्या कृपेने होणारही नाही. चालत्या वस्तूकडे ते ढुंकून बघत नाहीत. कोरी करकरीत गाडी दारात उभी करा, तिला वळसा घालून जातील; पण मागच्या पडवीत एखादा पंखा शेवटचे श्वास मोजत कुरकुरत असेल, तर त्यांच्या तोंडावर असं तेज चढतं, की बघणाऱ्याला वाटावं ह्यांना लॉटरी लागली. चाळीस वर्षं त्यांनी धामापुरात रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त केले. पुढे दुकान बंद झालं, पण पेचकस काही खिशातून गेला नाही. लोक शर्टाच्या वरच्या खिशात पेन ठेवतात, हे पेचकस ठेवतात. लग्नाकार्याला जाताना त्यातल्या त्यात बरा, पिवळ्या मुठीचा.

माझ्या मुलाच्या लग्नात, म्हणजे त्यांच्याच मुलीच्या लग्नात, ऐन कन्यादानाच्या वेळी लाउडस्पीकर घरघरायला लागला. भटजींनी मुलीच्या बापाला हाक मारली, तर बाप गायब! सगळा मांडव शोधला. शेवटी मला सापडले ते मांडवाच्या मागे, नेसलेला रेशमी कद गुडघ्यापर्यंत खोचलेला आणि ॲम्प्लिफायर मांडीवर. मी म्हटलं, "व्याहीबुवा, थंय मुहूर्त चललो!" मान वर न करता म्हणाले, "मुहूर्त दुसरो मेळतलो. ह्यो सेट जळलो तर दुसरो खंय मेळतलो?" सेट दुरुस्त झाला, कन्यादान झालं, आणि त्यानंतर भटजींचा आवाज इतका स्वच्छ येऊ लागला की त्यांची शिंकसुद्धा पलीकडच्या वाडीत ऐकू गेली.

त्यांचा सगळा कारभार कानांवर चाले. नारळ विकत घेताना ते वाजवून बघत नसत, कानाला लावून त्याच्याशी दोन मिनिटं गुप्त बोलणं करत. आमच्या माजघरातलं भिंतीवरचं घड्याळ पहिल्याच भेटीत त्यांनी भिंतीला कान लावून ऐकलं, "ह्येचा कायतरी दुखता" असं म्हणाले, आणि मी नको नको म्हणेपर्यंत खोलून पंगतीच्या पत्रावळीवर मांडलं. तेव्हापासून आमच्याकडे दुपारी एक वाजता तेरा टोले पडतात. मी ते कुणाला हात लावू देत नाही. व्याह्यांची आठवण म्हणून नव्हे. चारचौघांत त्यांना दाखवता यावं म्हणून.

कारण आमचं दोघांचं कधी पटलं नाही. मी मसुऱ्याचा शेतकरी. भात, काजू, चार कलमं आंब्याची, आणि गाऱ्हाण्याचा मान. गावात काहीही चांगलं-वाईट असलं, कुणी बाहेरगावी निघालं, नवी विहीर खणली, म्हैस व्याली, की देवापुढे नारळ ठेवून मोठ्या आवाजात गाऱ्हाणं घालायचं, आणि जमलेल्या माणसांनी दर वाक्याला "व्हय म्हाराजा!" म्हणून साथ द्यायची. हे काम आमच्या घराण्याकडे. माझा आवाज असा की देवळात गाऱ्हाणं घातलं तर देवाला ऐकलं नाही असं म्हणायला जागा राहू नये. शिक्षण विचाराल, तर जुनी चौथी असं मी आयुष्यभर सांगत आलो. खरं म्हणजे तिसरीत दोनदा बसलो आणि तिसऱ्यांदा नांगराला गेलो. अक्षरं मला दिसत, पण खाडीतल्या माशांच्या पिल्लांसारखी. बोट लावलं की फाकत. कागद वाचायची वेळ आली की मी खिसे चाचपून म्हणे, "चष्मो घराक रवलो रे, वाच बघू काय म्हणता तो." बँकेत, पंचायतीत, लग्नाच्या पत्रिकेपुढे. चष्मा माझ्या खिशातच असे.

आता तनू. आमच्या दोघांची नात. माझ्या मुलाची, त्यांच्या मुलीची एकुलती एक. बोलायला लागली की सुटलेल्या नळासारखी. पण चौथीत गेली तरी पुस्तक उघडलं की मुकी. शाळेच्या बाईंनी माझ्या मुलाला बोलावून सांगितलं, पोर हुशार आहे पण वाचन दुसरीच्या मुलांएवढंही नाही, काहीतरी करा. डोंबिवलीला माझी लेक असते. तिने फोनवर सांगितलं की तिकडे अशा मुलांचे वेगळे वर्ग आहेत. मे महिन्यात मी येते आणि तिला घेऊन जाते, म्हणाली. मुलाने हो म्हटलं. सून पदराने डोळे पुसत हो म्हणाली. मी एकटा पोरीच्या बाजूने म्हणालो, "चेडवाक कायेक झाला नाय! ता माझ्यार गेला हा." आणि म्हणाल्यावर माझं मलाच ऐकू आलं मी काय बोललो ते, म्हणून उठून उगाच गोठ्यात गेलो.

दिवाळी झाली आणि व्याही दारात उभे. एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्यात जुन्या टॉवेलात बाळासारखा गुंडाळलेला लॅपटॉप. कणकवलीच्या कुणा ओळखीच्याकडून आणलेला, स्वतः खोलून बसवलेला. त्यात म्हणे मेंदूला व्यायाम देणारा प्रोग्राम होता, वाचायला अडखळणाऱ्या मुलांसाठी. "व्याहीबुवा," ओटीवर बसायच्या आधीच ते म्हणाले, "चेडवाचो सेट एकदम बरो आसा. स्टेशन तेवढा लागणा नाय. काटो इल्लोसो सरकवूक होयो."

मी म्हटलं, "माझी नात म्हणजे रेडिओ न्हय."

"न्हय तर. रेडिओ असता तर दोन दिवसांत केलो असतो. हेका सा म्हयने लागतले." आणि सहा महिन्यांचे कपडे खरोखरच पिशवीत होते.

आमच्या घरात मोबाईलला रेंज नाही. रेंज आहे ती फक्त बावीकडे, म्हणजे आमच्या विहिरीच्या कट्ट्यावर, तीही पूर्वेच्या कोपऱ्यात. मग शाळा सुटली की तिथे लॅपटॉप, वर काळी छत्री, छत्रीला आधार माडाचा, तनूच्या कानांवर हे मोठे हेडफोन, आणि बाजूला व्याही. पाणी भरायला येणाऱ्या बायका कळशी भरून झाली तरी हलत नसत. एकीने विचारलं, "चेडवाचे कान दुखतत काय?" व्याही म्हणाले, "कान न्हय, कानामागचा सामान."

प्रोग्राम सुरू करण्याआधी ते लॅपटॉपच्या पाठीवर थोपटत आणि म्हणत, "चल रे बाबा, आज चेडवाक रडव नको." आत खेळ होते. दोन आवाज एकामागून एक येत, पहिला कुठला ते ओळखायचं. आधी रबर ताणल्यासारखे लांबवलेले आवाज, जमू लागलं की थोडे भरभर, मग आणखी भरभर. मग शब्द, मग "लाल चेंडू टोपलीच्या मागे ठेव" असले हुकूम, आणि शेवटी वाचन. बरोबर आलं की पडद्यावरचा पोपट पंख वाजवी. चुकलं की मान खाली घाली. व्याही त्या पोपटावर फार चिडत. "मान कित्या घालतंस मेल्या? पोर चुकला तर तुझा काय गेला?" पुढे त्यांनी पडद्याच्या त्या कोपऱ्यात कपाळाची टिकली चिकटवली. तनू चुकली तरी पोपटाची खाली गेलेली मान दिसायला नको.

मी लांबून बघे आणि टोमणे मारी. एका दुपारी ते म्हणाले, "तनूच्या आधी यंत्र जरा तपासूचा आसा, तुमी बसा." माझ्या डोक्यावर हेडफोन चढवले. पहिलीच पायरी, पहिलेच दोन आवाज. मला दोन्ही सारखेच ऐकू आले. मी एक बटण दाबलं, चुकलं. दुसरं दाबलं, चुकलं. दहापैकी तीन आले, तेही नशिबाने. मी हेडफोन काढून आपटले आणि म्हणालो, "मशीन बिघडला!"

व्याही माझ्याकडे बघत राहिले. जो माणूस बिघडलेल्या वस्तूबद्दल आयुष्यात कधी खोटं बोलला नाही, तो माणूस खिशातून पेचकस काढून चांगल्या चालत्या लॅपटॉपचे मागचे चार स्क्रू सैल करून परत घट्ट करत म्हणाला, "व्हय, बिघडलाच व्हता. बरा झाला तुमी सांगितलात." एवढंच. पुढे त्यांनी मला कधी बसवलं नाही, आणि मीही टोमणे थोडे कमी केले.

माघ-फाल्गुनात पोरगी तुटक तुटक वाचू लागली. पण त्या प्रोग्रामात गोष्टी होत्या त्या जिराफाच्या आणि आगगाडीच्या. तनूला जांभया येत. त्यात आपला मजकूर भरायची सोय होती. आपण टाईप करायचं, मूल वाचेल तसा एकेक शब्द उजळत जातो. व्याही माझ्याकडे आले. "व्याहीबुवा, गावाक जाणाऱ्या माणसाचा गाऱ्हाणा घालून दाखवा. माझो माइक तपासूचो आसा." मला फसवणं सोपं आहे, माझ्या आवाजाचं कौतुक केलं की झालं. मी धोतर सावरून बावीकडे उभा राहिलो आणि घातलं, असं घातलं की तीन कावळे उडाले. नंतर पंधरा दिवस ते एका बोटाने टाईप करत बसले होते. मला वाटलं, माणूस लॅपटॉपचा तबला करतोय.

मे उजाडला. डोंबिवलीहून लेक आली, दोन दिवस राहिली, फणस खाल्ला, आणि निघायच्या सकाळी तनूची बॅग दारात आली. पोर खांबाला धरून उभी. मी देवापुढे नारळ ठेवला आणि घसा साफ करू लागलो. तेवढ्यात व्याही लॅपटॉप घेऊन आले. "आज गाऱ्हाणा चेडू घालतला. वाचून."

लॅपटॉप पाटावर ठेवला. तनू पुढे बसली. पहिला शब्द उजळला.

"बा देवा म्हाराजा! ह्या घरची लेकरां आज तुझ्या पायाकडे नारळ ठेवन उभी आसत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे.

"जा काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल. ज्या वाटेन चेडू जातला, त्या वाटेन तेका सांभाळ म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

लेक माझ्या कानाशी पुटपुटली, "बाबा, हे तिला पाठ आहे. तुमचंच ऐकलंय जन्मापासून." ते खरं होतं. मी व्याह्यांकडे बघितलं. ते छताकडे बघत होते, भलतेच सज्जन दिसत होते.

तनूचं बोट पुढे सरकलं, आणि अडखळलं. हे माझ्या गाऱ्हाण्यात नव्हतं. ती वाकली. ओठ हलले. एकेक शब्द उचलत ती वाचू लागली, "आणि म्हाराजा... चेडवाच्या आज्याचो... चष्मो... इतकी वर्सां... घराकच रवता..." ती थांबली, माझ्याकडे बघितलं, हसू दाबलं, आणि उरलेलं एका दमात वाचून टाकलं, "तो एकदा तेच्या नाकावर बसव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं घर ओरडलं. सवयीने. मी सुद्धा.

मग सून फसकन हसली, मुलगा हसला, आणि माझी लेक तोंडावर हात घेऊन रडता रडता हसू लागली. ही ओळ कुणाला पाठ असणं शक्यच नव्हतं. सगळ्यांचे डोळे माझ्या खिशाकडे. मी चष्मा काढला, नाकावर बसवला, आणि म्हटलं, "झाला समाधान?" लेकीने बॅग उचलली आणि आत नेऊन ठेवली. त्या दिवशी डोंबिवलीला ती एकटीच गेली. दुपारी एकाला तेरा टोले पडले तेव्हा तनू पडवीत बसून पंचांगावरच्या जाहिराती मोठ्याने वाचत होती, आणि व्याही झोपले होते. सहा महिन्यांत पहिल्यांदा दुपारी.

व्याही जाताना लॅपटॉप इथेच विसरले. विसरणारा माणूस नव्हे तो. तनू आता सातवीत आहे, तिला तो लागत नाही. टिकली लावलेल्या त्या पोपटासमोर दुपारी कोण बसतं, ते बावीवरच्या बायका सांगतील. मी सांगणार नाही. हे लिहिलेलंसुद्धा तनूने तपासलंय, आणि काना-मात्रांवरून माझी बरीच अब्रू काढलीय.

गेली दोन वर्षं व्याह्यांचे कान गेलेत. नारळ कानाला लावतात आणि नुसतेच बसतात. "स्टेशन लागणा नाय," हसून म्हणतात. कानाचं यंत्र लावून घ्या म्हटलं तर त्यांनी ते आणून खोललं, आणि मग काही जोडलं नाही. मी दर गुरुवारी एसटीने धामापूरला जातो. तळ्याकाठी त्यांच्या शेजारी बसतो, चष्मा नाकावर चढवतो आणि पेपर वाचतो, बोट लावून, मोठ्याने, गाऱ्हाण्याच्या आवाजात. एक बातमी मला दोनदा वाचावी लागते, एकदा चुकत आणि एकदा बरोबर. त्यांना घाई नसते. त्यांना ह्यातलं किती ऐकू येतं, ते मी विचारत नाही. त्या दुपारी बावीकडे त्यांनी तरी मला कुठे काय विचारलं होतं? माझे ओठ थांबलेले दिसले, की ते तळ्याकडे बघत हळूच म्हणतात, "व्हय म्हाराजा." आणि मी पुढच्या ओळीवर बोट ठेवतो.