खिशातला हात

सकाळी ह्यांनी विकायला म्हणून रायफल कपाटातून काढली आणि बंदुकीच्या तेलाचा उग्र वास घरभर पसरला. मी मनाने थेट ग्लासगोबाहेरच्या त्या जुन्या बंदुकीच्या दुकानात जाऊन पोचले, जिथे आम्ही तरुणपणी ती घेतली होती.

हरणांच्या शिकारीसाठी ह्यांना परवडेल अशी बोल्ट-ॲक्शन, म्हणजे दर गोळीला उजव्या हाताने बोल्टचा दांडा ओढावा लागणारी, रायफल हवी होती. म्हाताऱ्या दुकानदाराने नव्या बाजूला सारून स्वतःची वापरलेली पुढे केली. ह्यांनी सवयीने घासाघीस केली, तर तो लगेच कबूल झाला. तिथेच संशय आला.

"काहीतरी गोम आहे," हे मला मराठीत म्हणाले.

"बोल्ट तुम्हीच ओढून बघा," म्हातारा म्हणाला. उजवा हात मात्र खिशातून काढेना.

"हात बघ त्याचा. काय लपवतोय?" हे पुटपुटले. नळीत पुन्हापुन्हा डोकावून शेवटी घेतली. तिने कधीच दगा दिला नाही.

आज दुपारी ती बघायला मूळचा पुण्याचा एक मुलगा बायकोला घेऊन आला. किंमत ऐकून त्याने बायकोकडे पाहिलं. ती नजर मी ओळखली.

"काका, एवढी स्वस्त का देताय?"

"बोल्ट ओढून बघ ना," हे म्हणाले. थरथरणारा उजवा हात त्यांनी केव्हाच खिशात घातला होता.