बरगडीवरचं बोट

"बोट ठेव तिच्या बरगडीवर. मी बघून सुई घालतो."

राहात्याचे डॉक्टर मला म्हणाले. आई दवाखान्याच्या मागच्या पायरीवर ओणवी बसली होती. गावकुसाबाहेरच्या आमच्या वस्तीतल्या माणसांना आत घेत नसत. तिच्या छातीत पाणी झालं होतं. निजता येईना, बोलताना धाप लागायची. दुष्काळाचं साल. खडी फोडून फोडून अंगावर मांस म्हणून उरलं नव्हतं.

आदल्या खेपेला एका बागायतदाराच्या म्हातारीचं पाणी काढताना मी दारातून पाहिलं होतं. डॉक्टरांनी तिची पाठ बोटांनी चाचपली, दोन बरगड्यांमधली जागा शोधली, आधी बधिर करायचं इंजेक्शन दिलं. "दुखतंय का आजी?" असं विचारलंही. आमच्या वेळी सोवळं आडवं आलं. डॉक्टरांच्या घरात पूजा होती. आम्हाला शिवून पुन्हा अंघोळ कोण करणार?

मी बोट ठेवलं. मला काय कळतंय त्यातलं? सुई हाडावर आदळली. आई नुसती कण्हली. दुसऱ्यांदा घातली. पुन्हा हाडच. रक्त लुगड्यावर उतरलं. डॉक्टर माझ्यावरच खेकसले.

"तुमच्या हातांना मेलेलं ढोरच कळतं. जितं माणूस कुठून कळणार?"

आत बाकावर बसलेली माणसं हसली.

मी मान खाली घातली. सवयच ती. तेव्हा माझ्या नखात गेलेलं आईचं रक्त दिसलं. मी डॉक्टरांचं मनगट धरलं आणि त्यांची बोटं आईच्या पाठीवर दाबली.

"तुमची बोटं लावा. न्हाईतर सुई खाली ठेवा."

डॉक्टर पांढरेफटक पडले. पण विटाळ तर होऊन गेला होता. त्यांच्या बोटांना जागा लगेच सापडली. सुई आत गेली, पिवळं पाणी आलं. आईनं किती दिवसांनी भरून श्वास घेतला. त्या श्वासावर ती पहिलं हेच बोलली,

"पाया पड सायबाच्या. लई गुन्हा केलास."

मी पडले नाही. पुन्हा या पायरीवर दिसायचं नाही, असं बजावून डॉक्टर अंघोळीला गेले.

पाणी पुन्हा भरलं. आई रोज म्हणायची, जा, माफी माग. मी गेले नाही. तिला नगरच्या सरकारी दवाखान्यात न्यायला निघाले. राहुरीच्या पुढे, एसटीत, माझ्या खांद्यावर मान टाकून ती गेली.

वस्तीतली माणसं म्हणाली, माफी मागितली असतीस तर म्हातारी वाचली असती. असेलही. पण तिला वाचवणारी बोटं त्या डॉक्टरच्या हाताला होती, माझ्या नाही. ती त्यानं सोवळ्यात ठेवली. माझ्या आईला त्यानं मारलं, हे मी कुणापुढेही बोलेन. तो हात मी आजही धरीन. आणि आता धरला तर सोडणार नाही.