मास्तरांचा रस्ता

आमच्या पेठेत अजूनही कुणीतरी रिक्षावाल्याला "मास्तरांच्या रस्त्यावर सोड" म्हणतं आणि रिक्षावाला हसतो. नवख्या माणसाला वाटतं, पालिकेनं कुणा थोर शिक्षकाचं नाव रस्त्याला दिलं असावं. नाव दिलं ते गल्लीनं, आणि चेष्टेनं. तो रस्ता म्हणजे आमच्या घरासमोरची जेमतेम एक खोली मावेल एवढी मोकळी जागा. हे मी अंदाजानं सांगत नाही. तिथं खोलीच होती आणि ती माझ्या आईची होती.

मास्तर म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. प्राथमिक शाळेत ते इतिहास आणि कवायत शिकवायचे. आवाज असा की शाळेच्या कार्यक्रमाला लाउडस्पीकर लागायचा नाही. गल्लीतला गणपती असो, कुस्तीचं मैदान असो, नाहीतर कुणाची शोकसभा, बोलायला आबाच. चार माणसं समोर बसली की त्यांच्या अंगात यायचं. घरात मात्र त्यांना शब्द सुचत नसत. आमटीत मीठ कमी आहे एवढं सांगायलासुद्धा ते नुसतं ताट पुढं सरकवायचे.

आई गारगोटीची. लग्नाआधीच शिवण शिकलेली. घर तीन खोल्यांचं. मधली खोली अंधारी, मागं स्वयंपाकघर, उजेड काय तो रस्त्याकडच्या खोलीत. तिथं आईनं खिडकीला लावून मशीन मांडलं होतं. भिंतीकडेला कापायचं टेबल, आणि बायकांना मापं देताना अवघडायला नको म्हणून दाराला जाड पडदा. दुपारी पेठेतल्या मुली शिकायला यायच्या. पेठ वडगावच्या एक बाई तर आपल्या मुलींच्या लग्नातली सगळी पोलकी हिच्याचकडून शिवून नेत. त्या खोलीत आई निराळीच बाई असायची. मोठ्यानं हसायची, मुलींच्या खोड्या काढायची. "अगं, ह्यो गळा हाय का इहीर?" असं तिनं म्हटलं की अख्खी खोली खिदळायची. स्वयंपाकघरात आल्यावर तिचा तो आवाज मी क्वचितच ऐकला.

ही साठच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. गावात ट्रक वाढले होते, एसटी वाढली होती, आणि आमच्या गल्लीतून जाणारा रस्ता रुंद करायचं पालिकेत घाटत होतं. नकाशेही तयार झाले होते. त्यात आमच्या गल्लीवर दुकानांचा रंग चढला होता; राहायची घरं मागं, पुढं सगळा बाजार, असा विचार. दोन्ही अंगांच्या घरांचा पुढचा भाग त्यात जाणार होता. लोकांचं म्हणणं ऐकायला शाळेच्या सभागृहात बैठक ठेवली होती. बायकांनी अशा बैठकीला जायची आमच्याकडं तेव्हा रीत नव्हती. पण त्या बैठकीचं मी इतक्या तोंडांतून ऐकलंय की आता मी तिथं हजर होते असंच वाटतं.

इंजिनियरनं नकाशा टांगला आणि लोक तुटून पडले. कुणी म्हणालं, आमच्या देवघरावर रस्ता येतोय. कुणी म्हणालं, भाडेकरूला कुठं घालू? अशा गोंधळात आबा उठले. शहर वाढायचं तर कुणीतरी झळ सोसली पाहिजे, आपल्या आधीच्यांनी सोसली म्हणून आपण इथं बसलोय, असं काहीबाही ते बोलले. सभा शांत झाली. तेवढ्यात आमच्या समोरच्या घरातला भांड्यांचा दुकानदार बसल्या जागेवरून ओरडला, "मास्तर, भाषान सोपं आसतंय! तुमची भिंत पाडा की आधी!"

कोल्हापुरात माणूस कशानं हरत नाही तेवढा ईर्षेनं हरतो. आबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "पाडा! आत्ता चला! माझ्यापास्नं सुरुवात करा!"

मग काय, शिट्ट्या, टाळ्या. कुणीतरी कुठूनसा हार पैदा केला. लोकांनी आबांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं ते थेट शेंड्यापर्यंत. त्यांना खरंच वाटलं असावं की आता त्यांच्यामागून एकेक जण उठेल आणि आपापली भिंत देऊन टाकेल. कुणीही उठलं नाही. दुकानदार सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होता म्हणे.

त्या संध्याकाळी मात्र मी घरात होते. आबा हार घेऊनच आले. तो कुठं ठेवावा हे न कळून त्यांनी आईच्या मशीनच्या चाकाला अडकवला. आईनं विचारलं, "हार कशाबद्दल?"

"सभा चांगली झाली," आबा म्हणाले आणि हातपाय धुवायला मागं गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई सार्वजनिक नळावर गेली. तिथं रांगेतली एक बाई तिला म्हणाली, "वैनी, तुमची पुढची खोली पाडणार हायत म्हनं. मास्तरांनी सभेत देऊन टाकली की." आई कळशी न भरताच परत आली. एवढ्या वर्षांत तिला मी रिकामी कळशी घेऊन येताना तेवढं एकदाच पाहिलं. आबा शाळेला निघायच्या गडबडीत होते.

"माझी खोली देऊन आलाय म्हनं?"

"शब्द गेला आता," आबा बुटाची नाडी बांधत म्हणाले.

"मग मी कुठं बसू?"

"बघू की. रस्ता होऊ दे, नवं दुकानच काढून देतो तुला." आणि ते गेले. आईनं चाकावरचा हार काढला, चुरगळला नाही, फेकलाही नाही. दारातल्या तुळशीत नेऊन ठेवला आणि उरलेलं पोलकं शिवायला बसली. मला तिचा राग आला. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

आबांनी त्याच आठवड्यात पालिकेला संमती लिहून दिली. माघार घेतली असती तर समोरच्या दुकानदारानं जगू दिलं नसतं, आणि ते आबांना खोली जाण्याहून अवघड होतं. पाडायच्या दिवशी नारळ फोडला. पाडकामाच्या माणसांपैकी एक वयस्कर गडी दारात आला आणि आईला म्हणाला, "ताई, मशीन हलवा तेवढं, धुरळा बसंल." मी आणि आईनं मशीन उचलून मधल्या खोलीत नेलं. भिंत पडल्यावर आबा विटांच्या ढिगावर उभे राहून दोन शब्द बोलले. आत मधल्या खोलीत आम्हाला ते स्पष्ट ऐकू येत होते. आई दिव्याची वायर लोंबत होती ती खिळ्याला बांधत होती.

त्यानंतर रस्ता पुढं सरकलाच नाही. बाकीची घरं कोर्टात गेली, स्थगिती आली, तारखा पडत राहिल्या. दोन्ही बाजूंची घरं होती तिथंच राहिली, आणि आमचं एकट्याचं घर दात पडल्यासारखं मागं गेलं. समोरचा दुकानदार आपल्या मालाची गाडी त्या जागेत लावून उतरवू लागला. "मास्तर, तुमच्यामुळं सोय झाली बघा," असं तो आबांना रोज ऐकवायचा. मग संध्याकाळी एक गवळी तिथं म्हशी आणून उभ्या करू लागला. आमच्याकडं धारोष्ण दूध प्यायचा शौक मोठा. तालमीतली पोरं, दुकानातली माणसं, सगळी पेले घेऊन आमच्या दारासमोर उभी. म्हशींचं शेण आमच्या उंबऱ्याशी. आबांना लोक प्रेमानं हाक मारायचे, "या की मास्तर, तुमच्याच रस्त्यावर उभं हाय आमी!" आबा एखादा पेला घ्यायचे. पहिल्या काही वर्षांत तरी त्यांना त्यातली चेष्टा कळत नव्हती. किंवा कळू द्यायची नव्हती.

आईच्या कामाचं काय झालं ते आबांना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. मधल्या खोलीत दिवसाही दिवा लावून शिवावं लागायचं. काळ्या कापडावर काळा दोरा दिसायचा नाही. मापं द्यायला आडोसा उरला नव्हता, आणि दूध पिणाऱ्या पुरुषांच्या घोळक्यातून वाट काढत यायला बायका तयार होईनात. मुली एकेक करून यायच्या बंद झाल्या. पेठ वडगावच्या बाई एकदा आल्या, दारातल्या म्हशीकडं पाहून थबकल्या, चहा घेऊन गेल्या, परत आल्या नाहीत. शेवटी मशीनवर आम्ही अंथरुणं रचू लागलो. नवं दुकान काढून द्यायचं कधी कुणाच्या तोंडून निघालं नाही. आईचं ते खिदळणंही त्या खोलीबरोबर गेलं, आणि याबद्दल मी आबांना कधी माफ केलं नाही. आजही केलेलं नाही.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला शहराचा नवा आराखडा आला. एव्हाना पालिकेची महानगरपालिका झाली होती, मला नोकरी लागली होती आणि आबा निवृत्त झाले होते. नकाशे लोकांना पाहता यावेत म्हणून महापालिकेत टांगले होते. ऑफिसातून येताना मी मुद्दाम आमची गल्ली शोधली. रस्ता आहे तेवढाच ठेवला होता. रुंद करायचं रद्दच झालं होतं. मी घरी येऊन आईला म्हणाले, "हरकत घेऊया. जागा परत मागूया." मला वाटलं, "आता काय करायचीय ती जागा?" असं ती म्हणेल. तिनं हातातलं धान्याचं सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "मला बोलू देतील?"

सुनावणीला आबाही आले. कोट घालून, टोपी झटकून. त्यांना बोलावलं नव्हतं, पण सभा म्हटल्यावर त्यांना घरात ठेवायचं कुणी? योगायोगानं तेच शाळेचं सभागृह होतं. या खेपेला बायकाही होत्या. आईचा नंबर आल्यावर ती उठली. अधिकारी तरुण होता, बोलायला मऊ.

"आजी, ही जागा तुमची होती?"

"माझी शिवणाची खोली हुती. रस्त्यासाठी पाडली. आता रस्ता न्हाई करायचा तर माझी खोली मला द्या."

अधिकाऱ्यानं समोरचे कागद पाहिले. "पण ही संमतीनं दिलेली दिसते."

"कुणाच्या संमतीनं?" आईनं विचारलं. हे तिनं इतक्या सरळ विचारलं की अधिकारी गोंधळला.

माझ्या शेजारची खुर्ची वाजली. आबा उभे राहिले होते. सत्तरीकडं झुकले होते, पण आवाज तोच. "माझ्या!" ते म्हणाले. "ह्याच हॉलमदी मी शब्द दिला. ईर्षेला पडलो. खोली हिची हुती, आन् हिला मी इचारलं न्हवतं. चूक माझी हाय, साहेब. सगळ्यांसमोर सांगतो."

मागून कुणीतरी टाळी वाजवली, आणि बघता बघता सगळा हॉल टाळ्या वाजवू लागला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, हे खोटं कशाला सांगू? आबांची छाती थोडी वर आली. त्यांनी चारी बाजूंना मान लववली. आई तेवढी टाळ्या थांबायची वाट बघत उभी होती, कारण तिला अजून उत्तर मिळायचं होतं.

उत्तर मिळालं ते असं, की जागा आता रस्त्यात जमा आहे, ती परत देणं समितीच्या हातात नाही, तुमचं म्हणणं नोंदवून घेतलं आहे. आईनं मान हलवली आणि पिशवी उचलली.

परतताना बाहेर दोघा-तिघांनी आबांना गाठलं. "मास्तर, मोठं मन लागतंय," वगैरे. आबा खुलले. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत ते सुनावणीबद्दलच बोलत होते. मग लोक पांगले. आई थांबली. पुढं त्या मोकळ्या जागेत गवळी म्हशी बांधत होता, पण लांब होता.

"हे बी तुम्ही तिथंच सांगितलंसा," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "खोली दिलेली मला नळावर कळली. चुकलं म्हनून बी हॉलमदीच ऐकलं. एवढी वर्सं एका घरात जेवलो. एकदा घरात मला म्हनला असता, तर मी आज तिथं गेलोच नसतो."

आबांनी टोपी काढली. मी वाट पाहिली. ते काहीतरी बोलतील असं मला खरंच वाटलं होतं. पण तिथं आम्ही तिघंच होतो, ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली आणि ते घराकडं चालू लागले.