न फेकलेलं इष्टलिंग

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि माझं तिच्यापासून काही लपत नाही, असा तिचा समज आहे. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही माझी कादंबरी वाचली नसेल, कदाचित म्हणून. वाचली असेल तर — तर जास्तच ऐका.

लातुरात मास्तरकी करता करता मी एकच कादंबरी लिहिली. रझाकारांच्या काळातली. त्या धामधुमीतलं एका नवराबायकोचं प्रेम, त्याचं मरण, आणि मग तिचा देवावरून उडालेला विश्वास. नावं बदलली, पण गाव आमचंच, औशाकडचं, आणि ती बाई म्हणजे आमच्या शेजारच्या शिवगंगाकाकू. लग्नाला वर्ष व्हायच्या आत त्यांचा नवरा निजामाविरुद्ध लढायला सरहद्दीवरच्या कॅम्पात गेला. एकदा तो कासाराचं सोंग घेऊन आला आणि भर ओसरीवर, सासूदेखत, काकूंच्या हातात बांगड्या भरून गेला. सासूनं पोटच्या पोराला ओळखलं होतं की नाही, हे काकूंना कधीच कळलं नाही. हे सांगताना पन्नाशीच्या काकू चक्क लाजायच्या. पुढं तो मारला गेला. माती द्यायला देहसुद्धा मिळाला नाही.

आम्ही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग आमच्यात मेल्यावरही सुटत नाही. ते हातावर ठेवूनच माती देतात. काकूंनी एकदा विश्वासानं मला सांगितलं, "त्या दिसापासून पूजा न्हाई केली बघ मी. लई हात जोडले, त्यानं ऐकलं न्हाई. पण गळ्यातलं काढलं न्हाई." का नाही काढलं? ते त्यांनाही सांगता येईना. मी लिहिताना नेमका तिथंच अडलो. बाई पूजा करत नाही — यात वाचकानं बघायचं काय? म्हणून मी माझ्या नायिकेला भर दुपारी गावच्या विहिरीवर नेलं, दोरा तोडायला लावला आणि लिंग पाण्यात फेकायला लावलं. दोन पानं झाली. लिहिताना मला रडू आलं — स्वतःवरच खूश होऊन.

लातूर तेव्हा नुकता जिल्हा झाला होता. जिल्हा नवा, त्यामुळे ज्याला त्याला हार घालायची हौस! कादंबरी निघाली तसा मलाही घातला. मी भाषणात ठोकून दिलं, की यात कल्पनेचा एक शब्द नाही. टाळ्या पडल्या. ही थाप कुणाच्या अंगावर जाईल, हे कळत नव्हतं का मला? की कळून घ्यायचं नव्हतं?

पुढच्या साली पावसानं दगा दिला. गावची विहीर आटली. गाळ काढायला उतरलेली माणसं चिखल बोटांनी चाचपू लागली. काय शोधत होती? लिंग. पारावर कुणीतरी माझी ती पानं मोठ्यानं वाचली होती. देव विहिरीत टाकला म्हणून पाणी गेलं — असं एकानं म्हणायचा अवकाश, गावाला तेवढं पुरतं. काकूंनी पदर सारून गळ्यातलं दाखवलं. लोक म्हणाले, हे नवं असंल. टँकर आला की बायका त्यांची घागर रांगेतून पायानं बाजूला सारायच्या.

मी सुट्टीत गावी गेलो. काकू मला मनगटाला धरून विहिरीवर घेऊन गेल्या. निम्मं गाव तिथं होतं.

"सांग की रे आप्पा," त्या म्हणाल्या. "तू लिव्हलास. मी कवा टाकलं? सांग ह्यांना."

एकच वाक्य बोलायचं होतं. हे मी रचलं — एवढंच. माझी जीभ का उचलली नाही? त्या हारापायी? शाळेत हसं होईल म्हणून? तेव्हापासून मी हेच उकरत बसतो, आणि दर वेळी उत्तर आणखी हलकट निघतं.

मी म्हणालो, "काकू, तुम्ही जसं सांगितलं तसं मी लिहिलं."

काकू भांडतील, शिव्या देतील असं वाटलं — द्यायला हव्या होत्या. त्यांनी माझा हात सोडला. "हाव," लोकांना म्हणाल्या, "मीच सांगितलं असंल. पोरगं कशाला खोटं लिव्हंल?"

त्यानंतर त्या टँकरवर गेल्या नाहीत. लांबच्या एका मळ्यातून एकट्या पाणी आणायच्या. वारल्या तेव्हा हातावर लिंग ठेवायचं की नाही, यावर अंगणात वाद चालला होता. शेवटी आमच्या जंगमानं, म्हणजे आमच्यातल्या पुरोहितानं, सगळ्यांना गप्प केलं आणि ठेवलं. तिथंही मी होतो. तिथंही बोललो नाही.

पुढं कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली. मुद्रितं मीच तपासली. त्या दोन पानांत एक अनुस्वार राहिला होता, तो दिला. बाकी पानं तशीच ठेवली.