टेबलावरच्या कार्डाचा नंबर

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. इथे कुणी असले अनुभव लिहिले की टिंगल करणाऱ्यांत मी पहिला असतो. तेव्हा आता 'काका, किती घेतली होती?' असं विचारायचं असेल तर खुशाल विचारा. माझा राग तुमच्यावर नाही.

२००३ सालचा दसरा होऊन दोन दिवस झाले होते. शहापूरला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. टोकावड्याजवळच्या एका शाळेतून बोलावणं आलं. पाच कॉम्प्युटरची लॅब, आणि त्यातलं पाचवं मशीन दसऱ्यापासून बाकीच्यांशी बोलेना. लॅब वनिता मॅडम सांभाळायच्या. सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावातली, कॉम्प्युटर शिकलेली तिथली पहिली मुलगी. नोकरी कच्ची, वर्षावर्षाची.

संस्थेचे सेक्रेटरी मला दारातच म्हणाले, "हिनं चांगलं नेटवर्क कार्ड काढून बाद कार्ड बसवलंय. तुमी फक्त तसं लिवून द्या." ती तिथेच उभी होती. तिच्यासमोर बोलायची लाजसुद्धा नाही!

मी मशीन पूर्ण पुसून नवंकोरं लिनक्स टाकलं. बाकीच्या मशिनांशी जोडणारं ते कार्ड कॉम्प्युटरला दिसेना. कार्ड चालवणारा ड्रायव्हर प्रोग्राम हाताने लोड करून पाहिला, केबल बदलली, स्लॉट बदलला... शून्य. कार्ड काढून चालू मशीनमध्ये लावलं, तिथेही मेलेलंच. मग ते उजेडात धरलं, तर स्लॉटमध्ये बसणाऱ्या सोनेरी दातांवर लाल थर. नखाने खरवडला — कुंकू. एक तांदळाचा दाणाही चिकटलेला.

मॅडमना विचारलं तेव्हा उलगडा झाला. आपल्याकडे खंडेनवमीला कोयते-नांगर पुसतात ना, तसं त्यांनी पूजेआधी धूळ काढायला मशीनचं झाकण उघडलं होतं. सेक्रेटरी पूजेला बसले, आणि आतल्या भागालाही पूजा पोचावी म्हणून ओलं कुंकू, अक्षता आणि वर कलशातलं पाणी थेट आत. मॅडम नको म्हणाल्या, तर "देवाच्या कामात आडवी येऊ नको" असं ऐकवलं. करून सवरून चोरीचा आळ तिच्यावर!

पण कुंकवाने चोरीचा आळ जात नव्हता. पूजेआधीच बदललं असेल, असं ते म्हणणार. प्रत्येक नेटवर्क कार्डाच्या आत कंपनीने साठवलेला एक नंबर असतो; ह्या कार्डावर तो बाहेर छापलेला नव्हता, फक्त कॉम्प्युटरलाच वाचता येणार. मशिनं नवी आली तेव्हा मॅडमनी पाचही नंबर वहीत लिहून ठेवले होते. ह्या कार्डाचा नंबर जुळला की त्या सुटल्या. पण मेलेलं कार्ड नंबर सांगणार कसा?

दुपारचे तीन वाजले असतील. कार्ड टेबलावर, माझ्या डब्याशेजारी. मी निव्वळ चिडून कार्ड शोधायची कमांड पुन्हा मारली... आणि स्क्रीनवर कार्ड आलं. नंबरासकट. मी पहिल्या मशीनला पिंग केलं, म्हणजे नेटवर्कवरून हाक मारली — चार उत्तरं आली. केबलचं टोक जमिनीवर मोकळं पडलं होतं.

आता शहाण्यांसाठी सांगतो. मशीनमध्ये दुसरं कार्ड नव्हतं. डिस्क नुकतीच पुसलेली, जुनं काही राहणं शक्य नव्हतं. पिंग स्वतःलाच केलं नव्हतं, एवढी अक्कल मला आहे. आणि मॅडमची वही तोवर मी पाहिलीही नव्हती. त्यांनी ती उघडली आणि नंबरातलं एकेक आकडा-अक्षर बोट ठेवून वाचलं. बाराच्या बारा जुळली.

मी सेक्रेटरींना बोलवायला धावलो. ते येईपर्यंत स्क्रीन कोरी. पुन्हा कमांड मारली, वीस वेळा मारली, काही नाही. ते माझ्या कोऱ्या कागदाकडे बघत म्हणाले, "मग, काय लिवताय?"

मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, तुमी बघितलंत ना? तेवढंच लिवा. बाकी काय नको."

मी लिहिलं — 'कार्ड निकामी आहे. नंबर तपासता आला नाही.' कुंकवाचं नावही काढलं नाही. खाली सही केली, दुकानाचा शिक्का मारला. मॅडमनी वही पिशवीत टाकली आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेल्या. त्या आठवड्यात त्यांची नोकरी गेली. पुढे कुणीतरी सांगितलं, त्या गावी परत जाऊन वरईच्या शेतात राबतायत. मी भेटायला गेलो नाही.

टेबलावर पडलेलं कार्ड कसं बोललं, हे इतक्या वर्षांत मला कुणी समजावू शकलेलं नाही. मोठमोठ्या इंजिनिअरना विचारलं, सगळे हसले. मी ते का लिहिलं नाही, हे मात्र कुणाला विचारावं लागत नाही. लोक हसतील, धंदा बसेल, ह्याची मला भीती वाटली. मेलेल्या कार्डाने तिच्या बाजूने साक्ष दिली, आणि मी जिवंत माणूस असून दिली नाही.