गोचिडाच्या पावडरीचं तूप

नोव्हेंबर एकाहत्तर, भात झोडून झाल्यानंतरचा शनिवार. हजर: दादा, वहिनी, सातवा महिना लागलेली त्यांची लेक आणि मी. गोठ्यातली म्हैसही धरायला हवी, कारण सगळं तिच्यापासून सुरू झालं.

लोणावळ्याहून वडिवळ्याला, माहेरी, मी भाचीच्या बाळंतपणाची यादी घेऊन गेले होते. डिंक, खारीक, हाळीव, खोबरं मी आणलं. तूप वहिनीकडचं. तिने बरणी पुढे केली, मी झाकण काढलं आणि तसंच परत लावलं. तुपाला कुबट वास होता. मघाशी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा हाताला तोच वास लागला होता.

विचारल्यावर उलगडा झाला. म्हशीला गोचीड फार झाले म्हणून कामशेतच्या गुरांच्या दवाखान्यातून पावडर आणली होती. डॉक्टरांनी ती कोरडीच भुरभुरायला सांगितली होती. दादाने चिकटून राहावी म्हणून करंजाच्या तेलात कालवून शिंगांपासून शेपटापर्यंत चोळली. काही दिवस दूध विकू नका, हे मात्र दोघांनी कसोशीने पाळलं.

"वन्सं, थेंबसुदिक इकला न्हाई आमी," वहिनी म्हणाली.

"मग दूध गेलं कुठं?"

"कुटं जायाचं? इरजलं, घुसळलं, लोनी कडवलं. पोरीच्या नशिबानं बरणी भरली."

एवढं कढवल्यावर औषध कसलं राहतंय, असं दादाचं म्हणणं. मी वाद घातला नाही. त्याच्या सायकलवर मागे बसून कामशेत गाठलं. डॉक्टरांनी नीट समजावलं. हे औषध चरबीत मुरतं, तेलातून कातडीत जास्तच जातं. दुधातलं सायीत येतं, सायीतलं तुपात, आणि कढवून जात नाही. बाळंतिणीने खाल्लं तर तिच्या दुधातून बाळाच्या पोटात. तूप कुत्र्यालाही घालू नका, पाण्यापासून लांब खोल पुरा, असं त्यांनी सांगितलं.

टाकून द्यायचं म्हटल्यावर वहिनीचा जीव होईना. निदान देवापुढे निरांजनात जाळू, ती म्हणाली. तेव्हा भाची बोलली.

"आई, मला चालंना, ते देवाला बरं चालतंय?"

वहिनी हसली नाही, पण बरणी तिने खाली ठेवली.

त्या बाळंतपणाला तूप माझ्या घरचं गेलं. मुलगी झाली, आता शाळेत जाते. पावडर लावलेल्या जनावराचं दूध तेवढे दिवस विकायचं नाही, विरजायचंही नाही, हा माहेरचा नियम झाला.

राहिली बरणी. खाचरात खणावं तर पाणी लागतं, परड्यात विहीर आहे, माळावर हातभर खाली कातळ. फडकं बांधून ती गोठ्याच्या आढ्याला टांगलेली आहे. दर दिवाळीच्या यादीत मी पहिली ओळ लिहिते: बरणी पुरणे. यंदाची यादी परवाच केली. बाकीच्या ओळींवर काट मारून झाली, ती तेवढी राहिली आहे.